एका बुडाची होडी आणि माहेरचा दगड

असले अनुभव मी आजवर फक्त वाचत आले. इथल्या मराठी वाचनालयात जुन्या मासिकांचे गठ्ठे आहेत, त्यांत वाचकांच्या अनुभवांचं पान असतं. मासिक हातात आलं की मी आधी तेच उघडते. लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मला हसू यायचं. विश्वास नव्हता तर लिहायला कशाला बसलात? आणि आता मी स्वतः लिहायला बसले तर पहिलं वाक्य तेच येतंय. माझाही नव्हता. मी घाबरट आहे हे खरं, पण मी माणसांना घाबरते. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी उठून स्वयंपाकघरात जाते. भुताखेतांची भीती मला कधी वाटली नाही.

हे मी कुठे पाठवणार नाही. चौथी शिकलेल्या बाईचं शुद्धलेखन कोण सुधारत बसेल? पण त्या पानावर लिहितात तसंच ओळीने लिहिते, म्हणजे काही सुटायचं नाही.

आमचं घर झाशीला, सीपरी बाजारच्या मागच्या गल्लीत. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून इथे आलो. हे मूळचे साताऱ्याकडचे. मी मात्र अगदी समुद्राकाठची. मालवणच्या अलीकडे एक खाडी आहे, तिच्या काठी आमचं घर होतं. चौथीपुढची शाळा खाडीपलीकडे होती म्हणून माझं शिक्षण चौथीत थांबलं. गंमत अशी की इकडच्या मुलांना तरीने पलीकडे न्यायचं काम माझ्या बाबांचंच होतं. पण मुलीला रोज होडीतून पाठवायला आई तयार नव्हती.

बाबांची होडी शिडाची होती. आमच्याकडच्या लहान होड्यांना बाजूला उलांडी बांधतात... म्हणजे एक लांब लाकूड पाण्यावर तरंगत राहतं, त्यामुळे होडी कलंडत नाही. बाबांच्या होडीला उलांडी नव्हती. ती वाऱ्याबरोबर कलायची आणि परत सरळ व्हायची. शेजारचे त्यांना चिडवायचे, की तुझी होडी दारू प्यायल्यासारखी चालते. बाबा म्हणायचे, "होडी हलली नाय तर तिका कसा कळतला, आत कोण बसला हा ता?" हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की मला ते जगातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटायचं. अजूनही वाटतं.

पावसाळ्यानंतर होडी पाण्यात लोटायच्या आधी बाबा कौल लावायचे. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कोणी काही करत नाही. देवाच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि उजवी म्हणजे कुठली यावर लहान मुलं नेहमी चुकायची. समोर उभं राहिलं की सगळं उलटं दिसतं ना. बाबा टपली मारून सांगायचे, "आपलो उजवो नाय, देवाचो उजवो."

लग्न होऊन निघाले तेव्हा बाबांनी मला एक काळा दगड दिला. मुठीएवढा, गुळगुळीत. होडी वाळूवर ओढून ठेवली की ती सरकू नये म्हणून खाली दगड लावायचे, त्यातलाच एक. म्हणाले, देव नाय हा तो, पण इचारलंस तर सांगात. सासूबाईंनी तो पाहून विचारलं होतं, सून माहेरहून काय घेऊन आली? आणि हे म्हणाले होते, "रुळाखालची खडी. आमच्या यार्डात याचे सगळे भाऊबंद पडलेत." तरी तो देव्हाऱ्यात राहिला, अन्नपूर्णा आणि बाळकृष्णाच्या मधे, छोट्या ताम्हनात.

नव्या नवलाईत मी इथे एकदा कौल लावून पाहिला होता. मे महिना होता. झाशीचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू... सकाळी नऊला लू, म्हणजे भाजणारा वारा, सुरू होते, दोरीवर टाकलेला कपडा पिन लावेपर्यंत वाळतो. पाकळी चिकटवली आणि प्रश्न मनात जुळवेपर्यंत दोन्ही वाळून खाली. उजवी आधी का डावी आधी, काही कळलं नाही. हे ऐकून यजमान आठवडाभर हसत होते. म्हणे, तुमच्या देवाला इकडची ड्यूटी झेपत नाही, बदली मागा. त्यानंतर मी त्या दगडाला फक्त आंघोळ घालायची आणि गंध लावायचे. विचारलं कधी काही नाही.

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी बाबा गेले. तापाने गेले, अंथरुणावर. तार मिळून आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. होडी वाळूवर होती. मी तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि आल्या पावली परत फिरले. पुढे भावाने घर आणि होडी विकली. आई त्याच्याबरोबर मुंबईला गेली आणि तिकडेच वारली. मग तिकडे जायला कारणच उरलं नाही. समुद्र पुन्हा पाहिला नाही. इथे जवळच ओरछ्याला गेलो की बेतवा नदीच्या नावेत बसायचे तेव्हा मी हळूच पाण्यात बोट बुडवून तोंडात घालायचे. गोड लागायचं. का करायचे कोण जाणे. एकदा यांनी पाहिलं आणि म्हणाले, मीठ घालू का?

आता मूळ गोष्ट.

यंदा मे महिन्यात आमच्या नितीनने ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत आईला कोकणात न्यायचं, आणि नुसतं किनाऱ्यावर नाही, अख्खी होडी भाड्याने घ्यायची. नितीनचं ऑफिस सिविल लाइंसमध्ये, दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतो, त्याला असलं सगळं शोधायला आवडतं. सून रचना बबीनाची, तिकडच्या एका शाळेत शिकवते. मराठी सगळी कळते तिला, बोलते हिंदी. तिने समुद्र फक्त पडद्यावर पाहिलेला.

रोज रात्रीच्या जेवणाला होड्यांचे फोटो. नितीन मला समजावून सांगायचा. "आई, हे मोनोहल. मतलब एकच बूड. आणि हे कॅटामरान, दोन बुडं जोडलेली. ही हलत नाही, बिल्कुल घरासारखी. बाथरूम पण आहे." शेवटी दोनच उरल्या. एक दोन बुडांची, पांढरी, पडदे लावलेली, गच्चीवर गाद्या. दुसरी एका बुडाची, लाकडी, शिडाची, आत कसाबसा बसायला कोनाडा, बरोबर ती चालवणारा एक तांडेल.

यजमान लगेच म्हणाले, दोन बुडांची घ्या, माझ्या गुडघ्याला हलणारं चालणार नाही. रचना म्हणाली, उल्टी हो गई तो? नितीनचं तर ठरलेलंच होतं. मग त्याने मला विचारलं, "आई, तुला चालेल ना?"

मी म्हणाले, चालेल.

मला सासरी येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि मला कोणी काही विचारलं की माझ्या तोंडून हाच शब्द निघतो. कोणी धाक घातला होता असं नाही. सासूबाई चांगल्या होत्या, हे तर गरीब स्वभावाचे. पण हवं म्हणायचं माझ्या जिभेला वळणच पडलं नाही. त्या रात्री मात्र चालेल म्हटल्यावरही माझी नजर फोनवरच राहिली. त्या लाकडी होडीचा फोटो नितीनने बोटाने सारला, आणि ती गेली... मला वाळूवरची नाळ आठवली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नितीन म्हणाला होता की पांढऱ्या होडीवाल्याला संध्याकाळपर्यंत पक्कं सांगायचंय, नाहीतर तो दुसऱ्या पार्टीला देईल. दुपारी हा यजमानांना घेऊन डॉक्टरकडे गेला, गुडघा दाखवायला. रचनाला शाळेची सुट्टी लागली होती, ती आतल्या खोलीत आडवी झाली होती. लाइट गेलेली. कूलर बंद. बाहेर लू अशी वाहत होती की खिडकीची कडी हाताला चटका द्यायची.

मी देव्हाऱ्यापुढे बसले. कशाला बसले? खरंच सांगते, कौल लावायला नाही. माहेरी फोन करायला माणूस नाही म्हणून बसले. सकाळच्या मोगऱ्यातल्या दोन पाकळ्या भिजवून दगडाला लावल्या आणि मनात म्हटलं, दोन बुडांची घेतायत, चालेल ना? उत्तराची वाटही पाहिली नाही, वाळून पडणारच होत्या. तिथेच फरशीवर पदर अंथरून पडले आणि डोळा लागला.

जाग आली तेव्हा घामाने भिजले होते आणि लाइट अजून आली नव्हती. उठताना देव्हाऱ्याकडे लक्ष गेलं. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. ताज्या, नुकत्या खुडल्यासारख्या.

आणि दगड ओला होता.

सकाळच्या आंघोळीचं पाणी म्हणावं तर मी देव पुसूनच ठेवते. शेजारची अन्नपूर्णा, बाळकृष्ण, दोघं कोरडे. मी पदराने दगड पुसला. पाहता पाहता त्यावर बारीक थेंब आले, माठाला पाझरतात तसे, आणि ओघळून ताम्हनात गेले. तळाशी बोटभर पाणी आधीच साठलं होतं. मी पुन्हा पुसला. पुन्हा आलं. पाकळ्यांना धक्का लागला तरी त्या हलल्या नाहीत.

मी रचनाला हाक मारली. ती झोपेतून उठून आली, आधी छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. म्हणाली, सीलन होगी. झाशीत, मे महिन्यात ओल... तिचं तिलाच पटलं नाही. वाकून तिने ताम्हनात बोट बुडवलं आणि मी नको म्हणायच्या आत जिभेला लावलं.

"मम्मीजी," ती हळू आवाजात म्हणाली, "ये तो खारा है."

मीही चाखलं. चव कशी सांगू? बोअरचं पाणी आमच्याकडेही जरा मचूळ असतं, पण ही ती चव नव्हती. लहानपणी खाडीत बुडी मारली की नाकातून घशात उतरायची ना, ती. मला रडू आलं. भीतीने नाही.

रचना माझ्याजवळ बसली आणि सगळं विचारून घेतलं. शिक्षिका ना ती. हे काय आहे, पाकळ्या कशाला, काय विचारलं होतं. मी अडखळत सांगितलं. तिने विचारलं, दोनों नहीं गिरीं, तो इसका क्या मतलब? तेव्हा मला एकदम आठवलं. एका वर्षी बाबांनी विचारलं होतं, मोठ्या तांडेलाबरोबर भागीत जाऊ का. दोन्ही पाकळ्या तशाच राहिल्या होत्या, ऊन डोक्यावर येईतो. बाबा परत येऊन आईला म्हणाले होते, "माझो प्रश्नच चुकलो. दुसरो इचारूक होयो."

रचनाला हे सांगितलं तशी ती जवळ सरकली. मग म्हणाली, "तो मम्मीजी, वो पूछिए न जो आपको पूछना है."

तोंडातल्या तोंडात विचारायची सवय, पण ती शेजारी होती आणि ऐकायला थांबली होती. शेवटी मी मोठ्याने विचारलं. म्हणजे माझ्या मानाने मोठ्याने. "मला एका बुडाच्या होडीत बसायचंय. बसू?"

शब्द संपला आणि एक पाकळी गळून पाण्यात पडली. दुसरी जागेवर.

रचनाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "बाईं वाली गिरी. मना कर दिया, मम्मीजी."

इथे मला थोडं थांबून लिहायला हवं. ती म्हणाली ते क्षणभर मला बरं वाटलं. आता कोणाला काही सांगायला नको. नितीनला फोन नको, यांच्या गुडघ्याची अडचण नको, चालेल म्हटलंय ते चालेल. देवाने सुटका केली असं म्हणून मी उठणारच होते. आणि डोक्यावर टपली बसावी तसं झालं... नाही, टपली बसली असं मी म्हणत नाही. मला बाबांचा शब्द आठवला, एवढंच. रचना दगडासमोर बसली होती. तिला डावीकडची दिसली ती दगडाची उजवी होती.

"आपली नाही गं," मी म्हणाले, "देवाची उजवी."

रचना उठून देव्हाऱ्याच्या बाजूला गेली, दगडाच्या अंगाने उभी राहून स्वतःचा उजवा हात वर केला, मग हसायला लागली. आम्ही दोघी त्या उकाड्यात वेड्यासारख्या हसलो.

संध्याकाळी दोघं आले. नितीन चप्पल काढता काढताच फोनवर पांढऱ्या होडीवाल्याचा नंबर शोधत होता. रचना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पण बोलली नाही. मला वाटलं होतं ती सांगेल. ती मुद्दाम गप्प होती, मला नंतर कळलं.

"नितीन, ती नको," मी म्हणाले. "मला एका बुडाची हवी."

नितीन म्हणाला, आई, वो बहुत हिलेगी. मी म्हणाले, हलू दे. यजमानांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "घे रे बाबा तीच. हिने लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी मागितलं, ते पण हलणारं निघालं."

दगडाचं आम्ही त्यांना जेवण झाल्यावर सांगितलं. तोवर दगड कोरडा होता. ताम्हनातलं पाणी मात्र होतं, नितीनने ते उजेडात धरून पाहिलं. त्याचं म्हणणं, दगड सच्छिद्र असेल, वर्षानुवर्षं आंघोळीचं पाणी आत मुरलं असेल, उष्णतेने बाहेर आलं. तसंही असेल. मग इतक्या मे महिन्यांत कधीच का नाही आलं, असं रचनाने विचारलं, त्यावर तो म्हणाला, मुझे क्या पता.

दिवाळीनंतर आम्ही गेलो. दगड मी पिशवीत घेतला होता. मनात होतं, त्याच्या जागी परत ठेवून येईन. होडी नव्याने बांधलेली होती, बाबांच्या होडीशी तिचा काही संबंध नाही, हे मी आधीच सांगते, कारण अशा अनुभवांत शेवटी काहीतरी तसं निघतं. तसं काही निघालं नाही. साधी होडी होती. तांडेलाने शीड सोडलं, वारा भरला आणि ती एका कुशीवर कलली. नितीनने काठ धरला, रचना त्याला धरून किंचाळली, यजमान देवाचं नाव घ्यायला लागले. मी मधे बसले होते, मला काही धरावंसं वाटलं नाही. होडी कलली तशी मी दुसरीकडे झुकले. आपोआप. तांडेल बघत होता. त्याने विचारलं, "काकी, तुमी खयच्या?"

आणि मी त्याच्याशी मालवणीत बोलायला लागले. मला वाटलं होतं ती भाषा गेली. आमच्या खाडीचं नाव घेतलं तर तो म्हणाला वाटेतच आहे, तोंडापर्यंत नेतो. नितीन आणि यजमान ऐकत होते. यांनी ती मला कधी बोलताना ऐकलंच नव्हतं, बोलणार कोणाशी?

खाडीच्या तोंडाशी पाणी उसळत होतं. आम्ही सगळे नखशिखांत भिजलो, पिशवीतून पाणी गळत होतं. मी दगड बाहेर काढला, तर तो कोरडा ठणठणीत. नुसता कोरडा नाही, कोमट. झाशीत दुपारी ओसरीवर ठेवलेली वस्तू लागते तसा. लाट येऊन माझ्या हातावर फुटली, हात भिजला, दगडावर थेंब नाही. रचनाने हात लावून पाहिला. मग मी तो परत पिशवीत ठेवला. का, ते सांगता येत नाही. त्याला इथे राहायचंय असं मला वाटलं नाही.

आता तो पुन्हा देव्हाऱ्यात आहे. पुढे कधी ओला झाला नाही. त्या दिवशीच्या पाण्याची एक पांढरी कड ताम्हनावर राहिली आहे. मी चिंच लावली, राख लावली, जात नाही. रचना भांडी घासते तेव्हा तेवढी जागा सोडून देते.

याचा उलगडा मला झालेला नाही, आणि नितीनचा उलगडा त्यालाच पुरा पटलेला नाही. एक गोष्ट विचारता येईल हे मला माहीत आहे. दोन पाकळ्या, एक प्रश्न. बाबा, त्या दुपारी तूच होतास का?

मोगरा रोज येतो. पाकळ्या मी भिजवतेही कधीकधी. पण कौल लावला की दोन्हींतली कुठलीही पडू शकते, म्हणून अजून विचारलेलं नाही.